रात्री अकरा वाजता कुठे जायचं?

घरात कुणाच्या छातीत कळ आली तर काय करायचं, हे दहा वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं. गाडी काढा, कॅज्युअल्टीला चला, वाटेत फोन करा. पण धाकटा भाऊ चार रात्री झोपलेला नाही, भिंतीतून कुणीतरी आपलं बोलणं ऐकतंय असं म्हणतोय आणि आता आतून कडी लावून बसलाय, तेव्हा तेच घर भांबावून जातं. काका म्हणतात, सकाळपर्यंत थांबू. आत्या म्हणते, आमच्या ओळखीत एक जण आहे, अंगारा देतो. शेजारी म्हणतो, पोलिसांना बोलवा. मोबाइलवर शोधावं, तर जवळच्या मानसोपचारतज्ज्ञाचा दवाखाना उद्या साडेदहाला उघडणार असतो.

हा लेख त्या रात्रीविषयी आहे. महाराष्ट्रात अशा वेळी कोणकोणती दारं उघडी असतात, त्यांतलं आधी कोणतं ठोठवायचं आणि तिथे गेल्यावर आपला हक्क काय, एवढंच.

एक गोष्ट आधीच सांगतो. त्या रात्री ‘याला झालंय तरी काय’ याचा छडा लावत बसू नका. ते काम डॉक्टरांचं, आणि त्यांनाही बरेचदा काही आठवडे लागतात. घरच्यांनी फक्त एवढंच बघायचं, की उद्या सकाळपर्यंत सगळे सुखरूप कसे राहतील. प्रश्न असा लहान केला की दार निवडणं सोपं जातं.

आधी जीव, मग शरीर, मग मन

त्याने स्वतःला काही करून घेतलंय का, किंवा आत्ता तसं करायच्या बेतात आहे का? दुसऱ्या कुणाच्या जिवावर उठलाय का? उत्तर ‘हो’ असेल तर १०८ ला रुग्णवाहिका मागवा किंवा ११२ लावा, आणि मिळेल त्या वाहनाने जवळच्या कॅज्युअल्टीला न्या. मानसोपचारतज्ज्ञ शोधत बसू नका. गोळ्या किंवा शेतीचं औषध पोटात गेल्याचा नुसता संशय असला तरी हेच. ‘थोडंसंच घेतलंय’, ‘आता बरा दिसतोय’ यावर विसंबू नका, कारण काही विषारी पदार्थांचा परिणाम दिसायला दिवस-दोन दिवस लागतात आणि उपचारांची वेळ मात्र सुरुवातीच्या तासांतच असते. मीठपाणी पाजून उलटी काढायचा घरगुती उपाय करू नका. बाटली किंवा गोळ्यांचं रिकामं पाकीट सोबत घ्या, डॉक्टरांना सगळ्यात जास्त मदत त्याची होते.

दुसरी गोष्ट पुष्कळांच्या ध्यानातच येत नाही. पंच्याहत्तरीचे आजोबा कालपर्यंत पेपर वाचत होते, आज घरच्यांना ओळखत नाहीत, हवेत हात मारून काहीतरी पकडतात. सगळे म्हणतात, वय झालं, डोक्यावर परिणाम झाला. पण एक-दोन दिवसांत असा बदल झाला असेल तर मूळ बरेचदा शरीरात असतं. लघवीतला जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम उतरणं, साखर कमी होणं, एखाद्या नव्या औषधाचा परिणाम. डॉक्टर याला डिलिरियम म्हणतात. कारण सापडून वेळेत उपचार झाले तर बहुतेकांचा गोंधळ ओसरतो. मनोरुग्णालयाचा रस्ता धरण्यात मात्र मोलाचा वेळ जातो.

तसंच दारूचं. रोज पिणाऱ्या माणसाने एकदम बंद केली की घरात आनंदीआनंद असतो. दोन-तीन दिवसांनी त्याचे हात थरथरू लागतात, घाम फुटतो, भिंतीवर किडे दिसू लागतात. याला ‘नाटकं’ समजू नका. यात झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. जिल्हा रुग्णालय किंवा मोठं रुग्णालय, त्याच दिवशी.

आणि बाळंतीण. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत तिची झोप उडाली, ती असंबद्ध बोलू लागली, बाळाविषयी भलतंसलतं म्हणू लागली, तर ‘बाहेरचं काही असेल’ म्हणत एक रात्रही घालवू नका. बाळाला तिच्याजवळ एकटं ठेवू नका, आणि तिलाही एकटी सोडू नका. हा आजार उपचारांनी चांगला बरा होतो, पण वाढतो फार झपाट्याने.

फोनवरचं दार

जीव लगेच धोक्यात नाही, पण काय करावं सुचत नाही, अशा वेळी १४४१६ हा नंबर लावा. ‘टेली मानस’ नावाची ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. फोन फुकट, चोवीस तास, मराठीसह वीस भाषांत. हा नंबर लागला नाही तर १-८००-८९१-४४१६. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतात, आणि प्रकरण त्यांच्या आवाक्याबाहेरचं वाटलं तर पुढे मानसोपचारतज्ज्ञांकडे जोडून देतात. देशभरातल्या या केंद्रांची मुख्य जबाबदारी मानसिक आरोग्यासाठीच्या बंगळुरूच्या निमहान्स संस्थेकडे आहे.

लोक दोन कारणांनी हा फोन करत नाहीत. एक म्हणजे, ‘तो स्वतः बोलायला तयार नाही, मग आम्ही करून काय उपयोग?’ उपयोग आहे. घरच्यांनी केलेला फोनही चालतो, आणि मला विचाराल तर सगळ्यात कामाचा तोच. ‘भाऊ कडी लावून बसलाय, दाराबाहेरून काय बोलू?’ असा प्रश्न तिथे विचारता येतो. ‘आमच्या जिल्ह्यात मानसोपचाराची ओपीडी कुठे असते?’ हेही विचारता येतं. दुसरं कारण भीतीचं, की नाव नोंदवतील, गावभर होईल. मानसिक आजाराची माहिती गुप्त ठेवली जाण्याचा हक्क कायद्यानेच दिलेला आहे, त्या कायद्याकडे पुढे येतो.

या सेवेची मर्यादाही माहीत हवी. समोरचा माणूस बोलू शकतो, वाट दाखवू शकतो, घरी गाडी घेऊन येऊ शकत नाही. गाडी १०८ ची. लहान मुलांसाठी १०९८ आणि घरात मारहाण होणाऱ्या बाईसाठी १८१, हे दोन नंबरही लिहून ठेवा. कारण ‘मानसिक संकट’ म्हणून जे दिसतं, त्याच्या मुळाशी कधी कधी घरातलाच कुणी दांडगा असतो, आणि तिथे नुसत्या गोळ्यांनी भागत नाही.

दाराबाहेर उभं राहून काय बोलायचं

गाडी येईपर्यंत किंवा फोन लागेपर्यंतची वीस मिनिटं घरच्यांनाच काढायची असतात. तेव्हा वाद घालू नका. भिंतीत यंत्र आहे असं तो म्हणतोय, तर ‘नाहीये रे काही, वेड्यासारखं बोलू नकोस’ म्हणून तो ऐकणार नाही. ‘हो, आहे खरं’ असंही म्हणू नका. ‘मला ऐकू येत नाहीये, पण तुला त्रास होतोय हे दिसतंय. चार रात्री झोप नाही तुला. चल, झोपेचं तरी काही बघू.’ झोप ही चांगली वाट आहे. ‘मला वेड लागलंय’ हे कबूल करणं अवघड, ‘मला झोप येत नाही’ हे कुणीही कबूल करतो.

एका वेळी एकानेच बोलावं. बाकीचे नातेवाईक, जमलेले शेजारी, व्हिडिओ काढणारा पुतण्या, सगळ्यांना बाहेर काढा. कोपऱ्यात कोंडल्यासारखं त्याला वाटू देऊ नका, वाट मोकळी ठेवा.

आणि मरणाचा विषय त्याच्या बोलण्यात डोकावत असेल तर सरळ विचारा, ‘जीव द्यावा असं मनात येतंय का?’ हा प्रश्न विचारायला आपली जीभ अडखळते, कारण आपण विचारलं तर त्याच्या डोक्यात नसलेली गोष्ट घुसेल अशी भीती वाटते. तसं होत नाही. उलट, एकट्याने वाहिलेलं ओझं कुणीतरी ओळखलं म्हणून बहुतेकांना हायसं वाटतं. उत्तर ‘हो’ आलं तर शपथा घालू नका, ‘आईचा तरी विचार कर’ म्हणू नका. त्याच्या मनात आधीच अपराधीपणा भरून असतो, त्यात भर नको. ऐका, आणि एकटं सोडू नका. घरातल्या गोळ्या, फवारणीची औषधं, धोकादायक वस्तू दुसऱ्याच्या घरी हलवा. असा तीव्र झटका बरेचदा काही तासांत ओसरतो, आणि त्या वेळात हाताशी काही नसणं यानेच कितीतरी माणसं वाचतात. ‘कुणाला सांगू नकोस’ असं तो म्हणाला तर ते वचन देऊ नका. ‘एका माणसाला तरी सांगावंच लागेल, कुणाला सांगू ते तू ठरव,’ असं म्हणता येतं.

सिव्हिलला गेल्यावर

खेड्यात असाल तर प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय जवळ असेल, पण मानसोपचारतज्ज्ञ सहसा भेटतो तो जिल्हा रुग्णालयात, म्हणजे आपल्या भाषेत सिव्हिलला, किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम नावाची योजना १९९६ पासून देशात चालते. तिच्यात जिल्हा रुग्णालयात मानसोपचार ओपीडी आणि तालुक्याच्या ठिकाणी ठरावीक दिवशी तपासणी, अशी व्यवस्था असते. तो दिवस कोणता, हे गावातल्या आशाताईला किंवा आरोग्यसेविकेला विचारा. त्यांना ठाऊक नसलं तरी कुणाला विचारायचं हे ठाऊक असतं.

पण रात्री अकराला ओपीडी नसते, कॅज्युअल्टी असते. तिथला मेडिकल ऑफिसर म्हणाला, ‘मी मानसोपचाराचा नाही, उद्या या,’ तर? इथे कायदा उपयोगी पडतो. ‘मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७’ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम ९४ नुसार जीव वाचवण्यासाठी किंवा गंभीर इजा टाळण्यासाठी कोणताही नोंदणीकृत डॉक्टर मानसिक आजाराच्या रुग्णावर तातडीचे उपचार करू शकतो, त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञच असावा लागत नाही. रुग्णाच्या वतीने निर्णय घेणारा नामनिर्देशित प्रतिनिधी सोबत असेल तर त्याची संमती घ्यायची. हे उपचार जास्तीत जास्त ७२ तास, तोवर तज्ज्ञाकडे पोहोचवायचं. या तातडीत विजेचा शॉक देता येत नाही, तेही कलमात लिहिलेलं आहे. कॅज्युअल्टीत कलमं फेकून भांडा असं मी सुचवत नाही, थकलेल्या डॉक्टरशी भांडून कुणाचं भलं होत नाही. ‘डॉक्टर, निदान रात्रभर निरीक्षणाखाली ठेवा, झोपेचं काहीतरी द्या, सकाळी मानसोपचार विभागाला दाखवू,’ असं शांतपणे म्हटलेलं बहुतेक वेळा चालतं. कायदा पाठीशी आहे एवढं माहीत असलं की आवाज कापत नाही.

दुसरी अडचण ‘एमएलसी’ची, म्हणजे मेडिको-लीगल केसची. कुणी स्वतःला इजा केली असेल तर रुग्णालय त्याची पोलिसांकडे नोंद करतं. या भीतीने कित्येक घरं रुग्णाला लपवतात, आणि काही खासगी रुग्णालयंही ‘पोलीस केस आहे, सरकारीत न्या’ म्हणून हात झटकतात. दोन्ही चूक. आधी उपचार, मग कागद, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच परमानंद कटारा खटल्यात सांगून ठेवलं आहे. आणि जीव देण्याचा प्रयत्न केला म्हणून शिक्षा होईल ही भीती आता जुनी झाली. २०१७ च्या कायद्याचं कलम ११५ म्हणतं, की उलट सिद्ध होत नाही तोवर असा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरून चालायचं, त्याच्यावर खटला चालवायचा नाही आणि त्याची काळजी घेणं हे सरकारचं कर्तव्य. जुन्या दंडसंहितेतलं ३०९ कलम तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्या रूपात उरलेलंच नाही. पोलीस आले तर जबाब घेतील, नोंद करतील. तेवढं होऊ द्या.

पोलिसांना आपण होऊन बोलवावं का? हिंसा आवरत नसेल तर बोलवावंच. फोनवरच सांगा, ‘माणूस आजारी आहे, गुन्हेगार नाही, रुग्णालयात न्यायला मदत हवी.’ मानसिक आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणारा किंवा धोका असलेला माणूस सापडला तर त्याला २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत नेणं, हे कलम १०० नुसार पोलिसांचं काम आहे. त्याला कोठडीत ठेवता येत नाही. रस्त्यावर भटकणाऱ्या अनोळखी माणसालाही हेच लागू आहे.

‘येरवड्याला पाठवतील’

मराठीत येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी ही गावांची नावं चेष्टेत वापरून वापरून आपण एक भीती तयार केली आहे. या चार ठिकाणी सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. ‘एकदा आत गेला की कायमचा गेला’ या समजुतीमागे पूर्वीचे खरे अनुभव आहेत, ती अगदीच हवेतली नाही. पण आताचा कायदा वेगळा आहे. बहुतेक रुग्ण स्वतःच्या इच्छेने दाखल होतात आणि स्वतःच्या इच्छेने घरी जाऊ शकतात. रुग्ण नाही म्हणत असताना दाखल करायचं तर दोन जणांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं, त्यांतला एक मानसोपचारतज्ज्ञच हवा. शिवाय जिवाचा धोका, हिंसा किंवा स्वतःची काळजी घेता न येणं, यांपैकी काहीतरी दिसावं लागतं. सुरुवातीची ही मुदत जास्तीत जास्त ३० दिवस. दाखल केल्याचं याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला सात दिवसांत कळवावं लागतं, बाई किंवा अल्पवयीन मूल असेल तर तीन दिवसांत. रुग्णाला या मंडळाकडे दाद मागता येते आणि फुकट वकीलही मिळतो. विधी सेवा प्राधिकरणाचा नंबर १५१००.

साखळीने बांधणं तर सपशेल बंदच. तमिळनाडूत एरवाडी इथे ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे आग लागली, तेव्हा साखळ्यांनी बांधलेली २८ माणसं पळूही शकली नाहीत. दर्ग्याजवळच्या एका आश्रयस्थानात त्यांना ‘बरं’ होण्यासाठी ठेवलं होतं. भगताकडे न्यायचा आग्रह धरणाऱ्या आत्याला हे सांगून कितपत पटेल कुणास ठाऊक. तिच्याशी भांडणापेक्षा तडजोड बरी. देवाचा अंगारा लावायचा तर लावा, पण गोळी बंद करायची नाही, मारहाण, उपास, धुरी काही नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

पाटी वाचण्याविषयी थोडक्यात. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस होऊन मानसोपचारात पदवी किंवा पदविका घेतलेला डॉक्टर. औषधं तो देतो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ बोलून उपचार करतो, चाचण्या घेतो, औषध लिहीत नाही, आणि त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. ‘समुपदेशक’ ही पाटी मात्र कुणीही लावू शकतो, म्हणून शिक्षण विचारायला लाजू नका. तीव्र संकटात पहिला नंबर मानसोपचारतज्ज्ञाचा, बोलण्याचे उपचार माणूस जरा स्थिरावला की.

घरी आल्यानंतर

रुग्णालयातून सुटका झाली की घरच्यांना वाटतं, संपलं एकदाचं. पण सुटीनंतरचे पहिले काही आठवडे जिवाच्या दृष्टीने फार नाजूक असतात. पुढच्या तपासणीची तारीख चुकवू नका, गोळ्या एकाने सांभाळाव्यात, आणि ‘आता बरं वाटतंय’ म्हणून परस्पर औषध थांबवू नका.

याच काळात सांभाळणाऱ्याचं कंबरडं मोडतं. आई चार महिने नीट झोपलेली नसते आणि तिला विचारणारं कुणी नसतं. तिच्यासाठीही दारं आहेत. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था रुग्णांसोबत त्यांच्या घरच्यांसाठीही काम करते. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. व्यसनाचा प्रश्न असेल तर पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून चालू आहे. तुमच्या गावाजवळ यांतलं काही नसेल, तर सिव्हिलच्या मानसोपचार विभागातल्या सामाजिक कार्यकर्त्याला गाठा. आसपास कोण काय करतं, हे डॉक्टरपेक्षा त्याला जास्त माहीत असतं.

आणि माणूस सावरला, पूर्वीसारखा बोलू लागला, की एका संध्याकाळी त्याच्यासोबतच एक कागद लिहा. वर १४४१६, १०८, ११२. खाली डॉक्टरांचं नाव आणि दवाखान्याचा नंबर, चालू औषधं मात्रेसह, कोणत्या औषधाने त्रास झाला होता ते. रात्री जी कॅज्युअल्टी नक्की उघडी असते तिचं नाव. गाडी कुणाची. मग त्याला विचारा, पुन्हा असं झालं तर आम्हाला आधी काय दिसेल? ‘मी दोन रात्री झोपलो नाही की समजा,’ असं काहीतरी तो सांगेल, ते त्याच्याच शब्दांत लिहा. आपल्या वतीने निर्णय कुणी घ्यायचा, हेही त्यालाच ठरवू द्या. साध्या कागदावर नाव लिहून सही किंवा अंगठा केला तरी कायद्याच्या कलम १४ प्रमाणे तो नामनिर्देशित प्रतिनिधी होतो. त्या रात्री कुणाला बोलावू नये, हेही विचारा. बरेचदा तो आत्याचं नाव घेतो.